दर्या आणि दऱ्या

२०१९ सालच्या उन्हाळी सुटीत मी पाच आठवडे नेपाळमधील गोरखा जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहिले. तेथील सामुदायिक विद्यालयातील, म्हणजे आपल्याकडच्या अर्थाने सरकारी शाळेतील, शिक्षकांना संगणक वापरायला शिकवावे, असे माझे काम ठरले होते. परत आल्यावर आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी या प्रवासावर लिहावे असा आग्रह झाला. मी लिहिले आणि ते छापूनही आले. डोंगर, पाहुणचार, ढिंडो आणि गुंद्रुक, लहान मुलांचे लाजरे ‘नमस्ते मिस’, असे सारे त्यात होते. त्यात खोटे काहीच नव्हते. पण जे खरोखर सांगायला हवे होते, ते मी त्यात टाळले होते. ते आता येथे लिहीत आहे.

संगणकाशी माझा संबंध हौसेने आला नाही. माझा एम. फिल.चा प्रबंध मी एका जुन्या मराठी फॉन्टमध्ये टंकित करून घेतला होता. पुढे संगणक बदलला. नव्या यंत्रावर तो फॉन्ट नव्हता, आणि दीडशे पानांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा नुसता चिखल दिसू लागला. या जुन्या फॉन्टची युक्ती अशी होती, की संगणकाच्या लेखी मजकूर इंग्रजीच असे. आपल्याला दिसे तो केवळ देवनागरीचा मुखवटा. मुखवटा काढला की आत भलतेच कोणी. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. १९९१ मधल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला तेथे हक्काची जागा आहे. हे सारे मी त्या चिखलातून वाट काढताना शिकले. प्रबंध परत मिळाला, आणि भाषाविभागातील ‘संगणक जाणणाऱ्या बाई’ अशी माझी ख्याती झाली. या ख्यातीचा मला थोडा अभिमान होता हे कबूल करायला हवे. पुढे जे घडले त्याचे मूळ तेथेच आहे.

एका स्वयंसेवी संस्थेला ग्रामीण नेपाळसाठी प्रशिक्षक हवे होते. देवनागरी टंकलेखन जाणणाऱ्यास प्राधान्य, असे तिच्या पत्रकात म्हटले होते. मला ते पत्रक जणू माझ्यासाठीच काढल्यासारखे वाटले.

काठमांडूहून पृथ्वी महामार्गाने आंबुखैरेनीपर्यंत, तेथून उजवीकडे वळून गोरखा बाजार, आणि पुढे दरौंदी नदीच्या खोऱ्यातून जीपने वर, असा प्रवास होता. गोरखा हे नाव गोरखनाथांवरून आले असे तेथे सगळेच सांगतात. गोरख, गहिनी, निवृत्ती ही परंपरा पाठ असलेल्या माझ्यासारखीला ते ऐकून उगाचच माहेरी आल्यासारखे वाटले. वाटेतल्या पाट्या वाचता येत होत्या, त्यामुळे हा आपलेपणा वाढत गेला. मात्र एका पाटीपाशी मी दचकले. ‘जिल्ला शिक्षा कार्यालय’ असे तिच्यावर लिहिले होते. ती पाटी जुनी होती. संघराज्याच्या नव्या रचनेत ते कार्यालय त्या नावाने उरलेले नव्हते. नेपाळीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे मला पुस्तकातून ठाऊक होते, तरीही मराठी डोळा आपला अर्थ घेतल्यावाचून राहत नाही. लिपी एक असली म्हणजे भाषा समजली असे होत नाही, याची ती पहिली सूचना होती. मी ती विनोद म्हणून वहीत टिपून ठेवली.

शाळेची इमारत नवी होती. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपाचे केंद्र याच जिल्ह्यातील बारपाकजवळ होते, तीव्रता ७.८. तो शनिवार होता. नेपाळात शाळांना शनिवारी सुटी असते, म्हणून वर्ग रिकामे होते. गावातला प्रत्येक माणूस हे वाक्य त्याच शब्दांत सांगे. जुनी शाळा पूर्ण कोसळली होती. नव्या इमारतीत एक संगणककक्ष होता. त्यात देणगीत मिळालेले आठ संगणक होते आणि त्यांवर फुलाफुलांच्या कापडाच्या खोळी होत्या. खोलीला कुलूप होते. किल्ली हेडसरांच्या खिशात असे, आणि हेडसर बहुधा नगरपालिकेच्या बैठकीत असत.

माझ्या हाती संस्थेने ठरवून दिलेला अभ्यासक्रम होता. स्लाइड तयार करणे, ई-मेल, चित्रफितींचा वर्गात उपयोग, असा त्याचा क्रम होता. शाळा सुटल्यावर चार वाजता नऊ शिक्षक जमत. पहिले तीन दिवस त्यांनी सौजन्याने स्लाइड केल्या. चौथ्या दिवशी विज्ञानाच्या सरांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला आणि विचारले, हे आधी करता येईल का? विद्यार्थ्यांची माहिती केंद्राकडे पाठवायच्या तक्त्याचा तो कागद होता. त्यात नाव, जन्मतारीख, मातृभाषा, पालक अशा दोनशे दहा ओळी भरायच्या होत्या.

मला वाटले होते, हे तासाभराचे काम. पण नेपाळात विक्रम संवत चालतो. मुलांची जन्मवर्षे २०६२, २०६३ अशी. एक्सेलला ती भविष्यकाळातली वाटतात, इतके चालले असते; पण तेथे जेठ किंवा असार महिना कधीकधी बत्तीस दिवसांचा असतो. बत्तीस तारखेला जन्मलेला मुलगा एक्सेलच्या जगात जन्मूच शकत नाही. मग वयानुसार यादी लावायला गेले, की काही मुले तारखा म्हणून एका टोकाला आणि काही नुसता मजकूर म्हणून दुसऱ्या टोकाला जात. आम्ही वर्ष, महिना, दिवस असे तीन वेगळे रकाने केले आणि प्रश्न सोडवला. ही तोड माझी नव्हती. ती शाळेतल्या संगणकाच्या मिसची होती.

या मिसविषयी सांगायला हवे. ती सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची होती. संगणकाची पदविका घेतलेली होती. शाळेत ‘निजी स्रोता’तून, म्हणजे शाळेने स्वतः गोळा केलेल्या तुटपुंज्या पैशातून, नेमलेली. सरकारी दरबंदीत तिचे नाव नव्हते, म्हणून शिक्षकांच्या यादीत ती नेहमी शेवटी. मी शिकवत असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक गोष्टी तिला येत होत्या, आणि त्या नेपाळीत, त्या गावाच्या बोलीत, शिकवता येत होत्या. माझे हिंदीमिश्रित नेपाळी ती दुसऱ्या वाक्यात सरळ करून सांगे. एकदा चहा पिताना मी तिला म्हटले, “बहिनी, हे तूच का शिकवत नाहीस?” ती हसली. म्हणाली, “दिदी, तपाईं जानुभएपछि सबैले मलाई नै सोध्छन्।” तुम्ही गेल्यावर सगळे मलाच विचारतात. माझ्याआधी दोन स्वयंसेवक येऊन गेले होते. मी फक्त पाच आठवड्यांचा विचार करत होते. ती मात्र दोन स्वयंसेवकांमधल्या काळात सगळे सांभाळत होती.

आता मूळ गोष्ट. शाळेत नेपाळी शिकवणारे एक सर होते. निवृत्तीला दोन वर्षे राहिलेली. जातीने आणि मातृभाषेने गुरुङ. ते वर्गात कधी बसत नसत. दाराशी उभे राहून पाहत. त्यांना टंकलेखन येत होते, तेही झरझर. नेपाळात सर्वत्र चालणाऱ्या ‘प्रीति’ या जुन्या फॉन्टमध्ये. प्रीतिमध्ये ‘नेपाल’ लिहायचे तर जी, चौकोनी कंस, के, एफ, एन अशा कळा दाबाव्या लागतात. त्यांच्या बोटांना त्या पाठ होत्या. मी युनिकोडचे महत्त्व सांगू लागले, की ते शांतपणे म्हणत, “मेरो त चलिरहेको छ, मिस।” माझे तर चालले आहे.

हळूहळू कळले, की एका संगणकावर त्यांचा एक फोल्डर आहे. त्यात अकरा वर्षांच्या प्रश्नपत्रिका होत्या आणि तेवीस गोष्टी. गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेल्या या गुरुङ गोष्टी त्यांनी वर्षानुवर्षे वह्यांत उतरवल्या होत्या. कथन नेपाळीत, पण गाण्याच्या ओळी, मंत्र, झाडांची आणि पक्ष्यांची नावे मूळ गुरुङमध्ये. भूकंपात घर पडले, वह्या ढिगाऱ्याखाली आणि मग पावसात गेल्या. त्यानंतरच्या दोन वर्षांत त्यांनी आठवून आठवून त्या पुन्हा लिहिल्या, या वेळी थेट संगणकावर. कागदाचे काय होते ते पाहिले होते म्हणून. सांगणाऱ्यांपैकी बहुतेक तोवर गेले होते.

हे सारे ऐकून माझ्यातला उद्धारक जागा झाला. प्रीतिमध्ये अडकलेला एवढा ठेवा! माझा प्रबंध मी जसा सोडवला, तशा या गोष्टी सोडवायच्या. एका शनिवारी हेडसरांकडून किल्ली घेतली. सर सासुरवाडीला गेले होते. त्यांना सोमवारी चकित करू, असे ठरवले. रूपांतराची सोय इंटरनेटवर असतेच. एकेक फाइल उघडायची, मजकूर तेथे चिकटवायचा, युनिकोड होऊन आलेला परत आणून त्याच नावाने जतन करायचा. दुपारपर्यंत सगळ्या झाल्या. ओळीवर ओळी स्वच्छ देवनागरी पाहून मला भरून आले. त्या संगणकात विषाणू होते, म्हणून सगळे नव्या ठिकाणी हलवून जुना भाग पुसूनही टाकला. प्रत ठेवली नाही. वर्गात पहिल्याच दिवशी मी फळ्यावर लिहिले होते: काहीही करण्याआधी प्रत ठेवा.

सोमवारी सरांनी पहिली प्रश्नपत्रिका उघडली आणि बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, पाच गुणांचा प्रश्न सहाचा झाला आहे. मला कळेना. त्यांनी बोट ठेवले. ‘छ’. प्रीतिमध्ये इंग्रजी पाचच्या कळेवर छ हे अक्षर असते. सरांनी गुणांचे आकडे इंग्रजी फॉन्टमध्ये लिहिले होते. रूपांतर करणाऱ्या यंत्राला ते ठाऊक नव्हते, त्याने प्रत्येक पाचचा छ केला. नेपाळीत छ म्हणजे सहा. आणि छ म्हणजे ‘आहे’ हेही. सहाचे ट झाले होते, सातचे ठ. प्रश्नपत्रिकांचे मला फार वाटले नाही. त्या दुरुस्त करता आल्या असत्या. पण सरांनी गोष्टींची फाइल उघडली आणि त्यांचा चेहरा पाहून माझ्या पोटात खड्डा पडला.

गुरुङमधले काही उच्चार नेपाळी वर्णमालेत नीट बसत नाहीत. त्यांसाठी सरांनी स्वतःच काही खुणा योजल्या होत्या. कुठे तिरपी रेघ, कुठे तारका, कुठे एखादा इंग्रजी आकडा. या खुणा ते फॉन्ट बदलून मध्येच घालत. मजकूर चिकटवताना फॉन्टचा भेद नाहीसा झाला, आणि यंत्राने प्रत्येक खुणेचे एक देवनागरी अक्षर केले. आता कोणते अक्षर खरे आणि कोणते खुणेचे हे पाहून सांगता येत नव्हते. गाण्याच्या ओळी दिसायला शुद्ध देवनागरी होत्या आणि कोणत्याही भाषेत नव्हत्या. प्रबंधाच्या वेळी निदान चिखल चिखलासारखा दिसला होता. येथे तो सोवळ्यात होता.

मी क्षमा मागितली. सर रागावले असते तर बरे झाले असते. ते म्हणाले, “कम्प्युटर त बिग्रिन्छ, मिस।” संगणक बिघडतोच. दोष त्यांनी यंत्रावर घातला, पाहुणीवर नाही. पण बिघडले ते यंत्र नव्हते, हे आम्हां दोघांनाही माहीत होते.

उरलेले सतरा दिवस माझा अभ्यासक्रम संगणकाच्या मिसने चालवला, आणि तो उत्तम चालला. मी आणि सर रोज संध्याकाळी एका संगणकापाशी बसू लागलो. ते वाचत, थांबत, डोळे मिटून ओळ पुटपुटत. मग सांगत, येथे हे अक्षर नाही, येथे खूण आहे. आम्ही खुणांसाठी युनिकोडमधलीच चिन्हे ठरवली आणि त्यांचा एक तक्ता करून भिंतीला लावला. सुरुवातीला मी टंकत होते. चौथ्या-पाचव्या दिवशी माझ्या संथपणाला कंटाळून सरांनी कळफलक आपल्याकडे ओढला. ललितपूरच्या मदन पुरस्कार पुस्तकालयाने या शतकाच्या पहिल्या दशकात नेपाळीसाठी युनिकोडचे कळफलक तयार केले. त्यांपैकी पारंपरिक म्हणतात तो, जुन्या टंकयंत्राच्या वळणाचा, त्यांना फारसा परका वाटला नाही.

एका संध्याकाळी ते अडले. ‘भऱ्याङ’ हा शब्द हवा होता. भऱ्याङ म्हणजे शिडी. त्या गोष्टीत एक मुलगी शिडीने आकाशात जाते. पण र आणि य जोडला की पडद्यावर रफार येई, ‘भर्याङ’. सरांनी तीनदा पुसले. “हे चूक आहे, आमचा र असा डोक्यावर चढत नाही,” ते म्हणाले. आणि मला एकदम हसू आले. त्या पाच आठवड्यांत मला खरोखर काही ठाऊक होते अशी ती एकच जागा. हिंदीत ही अडचण येत नाही, मराठीत येते. मी त्यांना कागदावर लिहून दाखवले: दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. एका रफाराचा फरक. त्यांनी खिडकीतून दरौंदीच्या खोऱ्याकडे पाहिले आणि म्हणाले, म्हणजे तुमच्या संगणकाने चूक केली तर आमच्या देशाला समुद्र मिळेल. मग र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारे जोडचिन्ह कसे घालायचे, ते मी दाखवले. न दिसणारी खूण ही कल्पना त्यांना फार आवडली. त्यांनी ‘गऱ्यो’, ‘पऱ्यो’, ‘मऱ्यो’ असे ओळभर लिहून काढले. केले, पडले, मेले.

मी निघाले तेव्हा एकोणीस गोष्टी पूर्ण झाल्या होत्या. चार गोष्टींत मिळून चाळीस जागा अशा राहिल्या, की तेथे मुळात काय होते ते सरांना आठवेना. तेथे आम्ही प्रश्नचिन्ह घातले. ती चाळीस प्रश्नचिन्हे माझी आहेत.

येताना जीपमध्ये मी एक हिशेब मांडला. माझा प्रवास, राहणे, विमा, संस्थेचा व्यवस्थाखर्च, हे सारे मिळून त्या संगणकाच्या मिसचा आठ महिन्यांचा पगार निघाला असता. ‘आयजीच्या जिवावर बायजी उदार’ ही म्हण मी वर्गात अनेकदा समजावून दिली आहे. स्वतःला ती कधी लावून पाहिली नव्हती. संस्थेला पाठवलेल्या अहवालात मी दोन गोष्टी लिहिल्या. सरांच्या फाइलींचे जे झाले ते तपशीलाने लिहिले. आणि पुढच्या वर्षी कोणाला पाठवू नये, तो पैसा त्या मिसच्या पगाराला द्यावा, असे सुचवले. उत्तर सौजन्यपूर्ण आले. वेतनासाठी निधी देणे त्यांच्या धोरणात बसत नव्हते.

याचा अर्थ बाहेरच्या माणसाने कुठे जाऊच नये, असा मी काढत नाही. महाबीर पुन यांनी म्याग्दी जिल्ह्यातल्या नांगी या आपल्या गावी, आणि मग आसपासच्या डोंगराळ गावांत, बिनतारी इंटरनेट नेले. २००७ साली त्यांना त्यासाठी मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या कामात परदेशी स्वयंसेवकांचीही मदत झाली होती. पण काय हवे आहे, हे ठरवणारा माणूस तेथलाच होता, आणि पाहुणे गेल्यावर तो तेथेच राहणार होता. माझ्या बाबतीत काय हवे ते एका पत्रकाने ठरवले होते, आणि काय वाचवायचे ते मी.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. संगणककक्षाचे कुलूप अर्थातच उघडले नाही. मिसने शिक्षकांचा आणि पालकांचा फोनवर गट केला. ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांच्यासाठी रेडिओवरील पाठांचे वेळापत्रक कागदावर लिहून दुकानात लावले. मी शिकवलेल्या स्लाइड कोणाच्या कामी आल्याचे ऐकिवात नाही. तीन रकान्यांचा तक्ता मात्र आल्याचे तिने कळवले. कोणत्या मुलाच्या घरी फोन आहे याचा चौथा रकाना तिने त्याला जोडला होता. पुढे ती दुसऱ्या नगरपालिकेत करारावर गेली. पगार थोडा बरा आहे, असे म्हणाली.

सर २०२१ मध्ये निवृत्त झाले. वर्षातून दोनदा, दशैंला आणि नव्या वर्षाला, त्यांचा निरोप येतो. फोनवरून, युनिकोडमध्ये, र जागच्या जागी. मागच्या दशैंला त्यांनी एक ओळ पाठवली. शेजारच्या गावी एक म्हातारी भेटली होती, तिला ते शिडीचे गाणे येत होते. नऊ जागा भरल्या, असे त्यांनी लिहिले होते. खाली गुरुङमधल्या चार ओळी होत्या. त्यांचा अर्थ मला कळत नाही. मी त्या वहीत हाताने उतरवून घेतल्या, आणि प्रत ठेवली.